बटण फिरवण्याआधी

तिने शेगडीमागे हात घातला आणि दिव्यांची वायर काढून ठेवली.

शेगडी तिच्या भावजयीने आखलेली होती. चार बर्नर चौकोनात, चार बटणं एका ओळीत. कुठलं बटण कुठल्या बर्नरचं, हा घोळ जुनाच. भावजयीच्या शेगडीत बटणावर नुसतं बोट ठेवलं की त्याच्या बर्नरभोवती दिवा उजळायचा. काय पेटणार ते फिरवण्याआधीच दिसायचं. दोघी एकाच कारखान्यात आराखडे करायच्या, आणि साहेब आज एकीचीच शेगडी निवडणार होते.

आधी भाऊ तिचा झाला. मग आई त्यांच्याकडे राहायला गेली आणि उठता-बसता 'आमची सुनबाई' म्हणू लागली. आता हेही तिलाच?

चाचणीचा नियम होता: जिची शेगडी, तिने बाहेर थांबायचं, चाचणी दुसरीने घ्यायची. कुठला बर्नर पेटला ते यंत्र नोंदायचं. वापरून बघायला तिने मुद्दाम आईला आणलं होतं. आई जन्मभर हमखास चुकीचं बटण फिरवत आली होती.

ती शेगडीपलीकडे, आईसमोर उभी राहिली.

"मागचा डावा पेटव. आधी बोट ठेव, मग फिरव."

आईने एका बटणावर बोट ठेवलं. वर पाहिलं. बोट उचलून शेजारच्यावर ठेवलं. पुन्हा वर पाहिलं आणि फिरवलं.

मागचा डावा पेटला.

मग पुढचा उजवा. मग उरलेले दोन. एकदाही चूक नाही.

साहेबांनी निकाल वाचला. भावजय धावत आली, तिचे दोन्ही हात धरून म्हणाली, "ताई, तुम्ही आईंना आणलंत म्हणून झालं हो हे!"

जिन्यात ती आणि आई दोघीच उरल्यावर तिला राहवेना.

"तिने घरी शिकवून ठेवलं होतं ना तुला?"

"छे गं! घरी ती कामाचं अक्षर काढत नाही."

"मग तुला कळलं कसं? शेगडीवर तर काहीच दिसत नव्हतं."

आईने तिच्या गालावर हात ठेवला.

"तुझं तोंड दिसत होतं की. बरोबर बटणावर बोट गेलं, की एवढंसं व्हायचं."