न्हाणीतली पिंक

न्हाणीच्या दगडावर पुन्हा लाल पिंक होती. आनंदीबाईंनी तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि पदर खोचून त्या ओटीवर आल्या. गुरुदास नुकतेच फिरून येऊन खुर्चीत टेकले होते. ओठ लालेलाल.

"पान खाल्लंत?"

"खाल्लंय," नवऱ्यानं सरळ सांगितलं.

"माझी किडनी घेवन पानां खातास?"

गुरुदासांनी मान खाली घातली. आनंदीबाईंनी त्या क्षणापासून अबोला धरला.

धरणारच. चार महिन्यांपूर्वी मुंबईच्या इस्पितळात त्यांनी स्वतःची किडनी या माणसाला दिली होती. सुट्टी देताना डॉक्टरांनी दिलेला कागद कॅलेंडरशेजारी चिकटवलेला होता. गर्दी नको, पान-तंबाखू नको. ताप, धाप, खोकल्यातून रक्त, काहीही दिसलं तर त्याच घडीला फोन. फुप्फुसात रक्त उतरलं तर हातात वेळ राहत नाही. बाई तो कागद पोथीसारखा रोज वाचत. आणि ज्याच्यासाठी वाचायचा तो खुशाल पान चघळत होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

अकरा दिवस गेले. गर्दी नको म्हणून शेजारपाजार आधीच तुटला होता, त्यात हा अबोला. ताट खुर्चीजवळ ठेवायचं, गोळ्या वाटीत काढायच्या आणि स्वयंपाकघरात एकटीनं पेज प्यायची. गुरुदास संध्याकाळी मास्क लावून बाहेर पडत, रंगलेलं तोंड घेऊन परत येत आणि न्हाणीत जाऊन खोकत. पानाचा तो ठसका बाईंना तीस वर्षं पाठ होता.

"आनंदी, जरा हय बस मगे," ते एकदा म्हणाले.

त्या भिंतीकडे बघत राहिल्या. घरात माणूस असून नसल्यासारखं झालं होतं, फार एकटं वाटत होतं. पण माघार घेतील तर त्या आनंदीबाई कसल्या!

बाराव्या दिवशी त्यांच्या मनात आलं, खाणारा खातो, पण देणारा कोण? भर दुपारी त्या जामसंड्याच्या तिठ्यावर बाबलीच्या पानटपरीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"बाबली, लाज नाय तुका? आजारी माणसाक पान देतस?"

बाबलीचा चुना लावणारा हात थांबला. "मी खंय पान देतंय, वयनी?"

"खोटा बोला नको. रोज तोंड रंगवन येतत."

"रंगवन जातत, ता खरा," बाबली खाली बघत म्हणाला. "पान खाणत नाय. जरासो कात-चुनो बोटान ओठांक लावतत नि घराक जातत. परवा त्यांचो रुमाल रगतान भरलेलो बघलंय, तेवा इचारलंय. तर म्हणाले, बाबली, आनंदी रागावलेली बरी, भियालेली नको."