पेरभर मलम

डॉक्टरबाईंनी चिंगीच्या गुडघ्याच्या वर भिंग टेकवलं. चिंगीची आई त्यांच्या भुवयांकडे बघत राहिली, बाप कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होता. आज काय ते ठरणार होतं. डाग सांध्यावर सरकला असेल, तर पाय आखडण्याची भीती. मग इंजेक्शनं सुरू.

मॉर्फिया. क्वचितच कुणाला होणारा आजार. कातडी आतून सुजते आणि हळूहळू टणक होत जाते. चिंगीच्या मांडीवर मेणासारखा पांढुरका चट्टा उठला होता आणि त्याच्याभोवती जांभळट कड. ही कड दिसतेय तोवर आजार पसरतोय, असं बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

“पण झालं कशामुळे?” आईने तेव्हा विचारलं होतं.

“नक्की कुणालाच माहीत नाही. शरीराचे पहारेकरीच चुकून घरच्यांवर धावून जातात. तुमचं काही चुकलेलं नाही.”

तिला ते पटलं नव्हतं. नवा साबण, डासाचं चावणं, गरोदरपणातलं स्वतःचं खाणंपिणं, तिने सगळं उकरून काढलं होतं.

मलम स्टेरॉइडचं होतं. रोज एकदा, बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मावेल एवढी मलमाची रेघ. बाईंनी स्वतःच्या बोटावर दाखवलं होतं. घरी येऊन तिने दुष्परिणाम वाचले आणि ती हादरली. मग ट्यूब उघडून तिने लेकीचंच इवलंसं बोट पुढे केलं. पोरीच्या अंगाला पोरीचं पेर पुरे.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. “अगं, जरा जास्त लाव की,” एवढंच तो म्हणाला, तर ती त्याच्या अंगावर धावून गेली. “तुझ्या लिफ्टला ग्रीस फासायचंय का? पोरीचं कातडं आहे ते!”

“बरं,” तो म्हणाला.

त्याचं सगळ्यालाच बरं. टूथपेस्ट मधोमध दाबू नये, खालून गुंडाळत आणावी, या एकाच गोष्टीवरून तो आजवर भांडला होता. एरवी पहाटे मायलेकी झोपेत असतानाच घराबाहेर. लेक आजारी आणि बाप बूट चढवून चालता होतो, हे तिला आत कुठेतरी सलत होतं.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. “कड गेली. कातडी मऊ पडायला लागलीय. इंजेक्शन नको.”

“म्हणजे मी पळू?” चिंगीने विचारलं.

“पळ की! पण दवाखान्याबाहेर.”

आईचे डोळे भरून आले. मग तिला राहवेना. “खरं सांगू? मी मलम अगदी कमी लावलं. हिच्याच बोटावर मोजून. तरी गुण आला बघा!” तिने ट्यूब टेबलावर ठेवली. गुबगुबीत ट्यूब, मधोमध चिमटा काढल्यासारखा एक खळगा.

बाईंनी ती तळहातावर तोलली. “एवढ्याशाने? शक्यच नाही.”

कोपऱ्यातल्या खुर्चीत नवऱ्याने घसा खाकरला. त्याने शर्टाच्या खिशातून दुसरी ट्यूब काढली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली. तेच मलम. खालपासून तोंडापर्यंत घट्ट गुंडाळलेली.

“तुम्ही मोठ्या माणसाचं पेर दाखवलं होतं,” तो बाईंकडे बघत पुटपुटला. “कामावर निघायच्या आधी लावायचो.”

“मला का नाही बोललास?”

“तू आधीच रडकुंडीला आलेली. त्यात आणखी भांडण कशाला?”

“असं चोरून औषध लावायचं नसतं, साहेब,” बाईंनी दम दिला. “यापुढे घरात एकच ट्यूब आणि एकच मत. अजून काही दिवस चालू ठेवा.”

तिला रागवायचं होतं. शब्दही जुळवून झाले होते. तेवढ्यात गुडघ्यांवर टेकलेल्या त्याच्या हातांकडे तिचं लक्ष गेलं. नखानखात ग्रीसची काळी रेघ. फक्त उजव्या तर्जनीचं नख मुळापर्यंत कापलेलं आणि बोट घासून घासून लाल झालेलं.

घरी आल्यावर तिने तीच गुबगुबीत ट्यूब उघडली. लेकीला मांडीवर घेतलं, स्वतःचं बोट पुढे केलं आणि ट्यूब अगदी खालून दाबली.