स्कॅनरचा दिवा

"तो जॅक कोपऱ्यात ठेवून या," समीक्षा म्हणाली. "मग बूट काढा आणि गाडीत वाका. स्कॅनर जोडायचा पोर्ट शोधा."

आनंदराज जॅक उचलून चालला. अहमदपूरच्या त्या गॅरेजात सगळे त्याची चाल बघत होते. टायरवर बसलेले समीक्षाचे वडील व्यंकटी, दारातले दोन रिकामटेकडे, आणि त्याला लातूरहून घेऊन आलेला मामा. गॅरेज समीक्षाचं. बाईच्या हातात पाना दिसला की गावाला दुसरा कामधंदा सुचत नाही.

मुखेडला नकार मिळाला होता. लोह्यालाही नकार. इथंही नकार मिळाला असता तर आनंदराजला घरी तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"आयटीआय झालंय त्याचं," मामा म्हणाला. "पोरगं लई गुणी हाय."

"त्यांना बोलू द्या की, मामा. तोंड हाय ना त्यांना?"

व्यंकटी खुदकन हसले.

आनंदराजनं स्टेअरिंगखाली हात घातला. चाचपडला. गुडघ्याच्या वर, एका झाकणामागं, सोळा पिनांचा पोर्ट सापडला. त्यानं गाडीतला बिघाड दाखवणाऱ्या स्कॅनरची वायर खोचली. दिवा लागेना.

"तुमची मशीनच खराब हाय."

"सकाळपासून तीन गाड्या तपासल्यात तिनं."

दारातले दोघं फिदीफिदी हसले. मामानं घाम पुसला. बाईनं चूक दाखवली की निम्मे पुरुष दार आपटून निघून जातात. उरलेले आवाज चढवतात. आनंदराज कानापर्यंत लाल झाला, पण जागचा हलला नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पोर्टलाच करंट न्हाई."

त्यानं गाडीतल्या चार्जिंगच्या सॉकेटला मोबाईल लावून पाहिला. तेही बंद.

"दोन्हीचा फ्यूज एकच असंल."

त्यानं फ्यूजचा डबा उघडला, जळका फ्यूज उपटला, तसाच नवा बसवला. स्कॅनरचा दिवा लागला. मामानं टाळीच वाजवली.

"राहायला इथंच यावं लागंल," समीक्षा म्हणाली. "लातूर सोडून."

"येतो की."

"गॅरेजात शब्द माझा चालतो."

"चालू द्या. तुम्ही चुकलात तर मीबी सांगणार."

समीक्षा पहिल्यांदा मोकळी हसली. ग्रीसचे हात पुसत तिनं मागच्या घराकडं हाक मारली,

"आई, पोहे आण! नवरा पसंत हाय मला."