अप्पांची डिस्क

अंजूनं निवडलेल्या फुकटच्या सॉफ्टवेअरनं काकाच्या लग्नाची, कॅसेटवरून करून घेतलेली जुनी डिस्क कॉम्प्युटरवर उतरवली खरी, पण नेमकं अप्पांच्या तोंडावर आपल्या कंपनीचं नाव उमटवलं. मृत्युंजयनं बायकोच्या अशी कानाखाली वाजवली, की ती टेबलावर जाऊन आदळली अन् तिचा ओठ फाटला.

"अप्पा भूकंपात गेले. त्यांचं हलतं-चालतं एवढंच हाय माझ्याकडं! अक्कल न्हाई तुला?"

लातुरातल्या क्लासमध्ये पोरांना डॉक्टर करायला निघालेला हा मास्तर! त्याची आई, दानम्मा, स्वयंपाकघरातून आली अन् तिनं पदरानं सुनेचा ओठ दाबून धरला.

"लाव दुसरं. मलाबी बघू दे माझा नवरा."

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नको तो भाग कापायची सोय होती. किल्लारीतलं ते लग्न पडद्यावर सुरू झालं. भर पंगतीत दानम्माच्या हातून हुग्गीची, गव्हाच्या खिरीची, बादली कलंडली, तशी अप्पांनी तिच्या झिंज्या धरल्या अन् तिला मांडवभर फरफटवलं.

मृत्युंजयचा हात घाईनं माऊसवर गेला. "एवढं कापून टाकतो, अव्वा."

"कापशील तर बोटं मोडीन. थांबव तिथंच."

चित्र थांबलं. चड्डीतलं एक पाच वर्षांचं पोरगं अप्पांच्या मनगटाला कडकडून चावत होतं. मृत्युंजयनं स्वतःला ओळखलं.

"तुझा बाप ठेव न्हाईतर काप," दानम्मा म्हणाली, "पण ह्या लेकराची एक कॉपी करून ठेव. माझं हरवलंय ते."