मान जरा उजवीकडे

“मान वर आहे, मॅडम,” फोटोवाला म्हणाला.

“माहीत आहे, काका,” ऑस्टिओपॅथ मॅडम म्हणाल्या आणि त्याच्या बरगड्यांखाली सरकवलेला हात त्यांनी तसाच ठेवला.

तो टेबलावर उताणा पडला होता. महिन्यापूर्वी त्याची मान डाव्या खांद्याकडे कलली ती कललीच. नुसती दुखली असती तर चाललं असतं, दुखत-दुखत धंदा करता येतो. पण फोटोवाल्याची मान कलली की सरळ बसलेलं गिऱ्हाईक त्याला वाकडं दिसतं. “मान जरा उजवीकडे” असं म्हणत त्याने महिनाभर धडधाकट माणसांना वाकडं करून पासपोर्टचे फोटो काढले होते. सगळे परत आले. फोटोही आणि माणसंही. शाळेच्या ओळखपत्रांसाठी नमुना म्हणून काढलेली सातवी ‘ब’ तर वाऱ्याने झोपलेल्या गवतासारखी आली होती. त्याच्या मते दोष सातवी ‘ब’चा होता. मुख्याध्यापिकांचं मत वेगळं पडलं. उद्या सकाळी पुन्हा फोटो, आणि पुन्हा असंच झालं तर काम दुसऱ्याला. शाळा गेली की दुकानात उरणार रिकाम्या चौकटी आणि तो.

मॅडमनी आधी नुसते प्रश्नच विचारले होते. कधी पडलात का? झोपता कसे?

“रुसल्यासारखे. भिंतीकडे तोंड करून,” कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बायकोने सांगून टाकलं.

“हाताला मुंग्या? चक्कर?”

“येते ना. तुमचे प्रश्न ऐकून.”

मग त्याला उभं करून मागून न्याहाळलं. “असं काही दिसणार नाही. उजेड तुमच्या पाठीमागून हवा,” त्याने धंद्यातला सल्ला दिला. मॅडमनी खरंच पडदा सरकवला, त्याचा त्याला जास्तच राग आला.

“हे मालिश आहे का?” त्याने आता छताला विचारलं.

“नाही, काका.”

“मग हाडं मोडता?”

“तेही नाही. कुठला सांधा, कुठला स्नायू अडलाय ते हातांनी शोधायचं आणि त्याला हळूहळू हलतं करायचं.”

“कडकन आवाज येतो म्हणे.”

“कधी येतो, कधी नाही.”

“माझा आला पाहिजे. मेहुण्याचा रस्त्यापर्यंत ऐकू गेला होता.”

मॅडमनी हात बोटभर वर सरकवला. “दुखतं एकीकडे आणि मूळ भलतीकडे, असं पुष्कळदा असतं. एकाने काम सोडलं की शेजारचा त्याचं ओझं उचलतो. उचलून-उचलून शेवटी कण्हतो तो शेजारचा. तुम्ही कॅमेऱ्याची बॅग कायम एकाच खांद्याला लावता. बरगड्या आखडल्यात. मान बिचारी सांभाळून घेतेय.”

“म्हणजे आग लागली दुकानाला आणि बंब गेला नदीवर पोहायला.”

“श्वास सोडा.”

“सोडला. उद्या सकाळपर्यंत सरळ करा, बाकी माझं काही मागणं नाही.”

“आज थोडी मोकळी होईल. एखाद-दोन दिवस अंग ठणकेल. आणखी दोन-तीनदा यावं लागेल. आणि पूर्ण सरळ होईलच, असं वचन मी देत नाही.”

त्याने दात खाल्ले. हा न्याय झाला होय! आपण गिऱ्हाइकाला सांगतो का, की आज तुमचं नाक येईल, कान पुढच्या वेळी?

शेवटी एकदाच्या त्या मानेपाशी आल्या. उकडलेलं अंडं धरावं तसं त्याचं डोकं त्यांनी दोन्ही हातांत धरलं, जरा इकडे नेलं, जरा तिकडे नेलं, आणि मग बराच वेळ काहीच केलं नाही. तो कान टवकारून आवाजाची वाट बघत राहिला. आवाज फक्त पंख्याचा आला.

“झालं. हळूच उठा.”

“आणि आवाज?”

“नाही आला.”

तो धुसफुसत उठून बसला. समोर भिंतीवर सांगाड्याचं चित्र होतं. आल्या-आल्या त्याने ते सरळ करायला सांगितलं होतं आणि मॅडम नुसत्या हसल्या होत्या.

“शेवटी ऐकलंत ना माझं? केलीत ना चौकट सरळ?”

“मी हात नाही लावला, काका.”

तो चौकट पुन्हा निरखत राहिला. मग त्याने बायकोकडे पाहिलं. ती जायला म्हणून उठली होती, त्याची बॅग खांद्याला लावून. तिची मान उजवीकडे कललेली होती.

“अगं, मान सरळ कर की.”

“सरळच आहे.”

सवयीने तो पुढे झाला, दोन बोटं तिच्या हनुवटीखाली लावली आणि अलगद ढकललं. अशा किती हनुवट्या त्याने आजवर जागेवर आणल्या होत्या. ही हलली नाही.

“आई गं!” ती कळवळली.

मॅडमनी टेबलावरचा कागद टरकन फाडला आणि नवा पसरला.

“कधीपासून आहे, काकू?”

“झाला असेल महिना.” बायकोने बॅग उतरवून त्याच्या हातात दिली आणि टेबलाच्या काठावर टेकली. “मी सरळ बसले की ह्यांना वाकडी दिसायचे.”