हिरवी घाण

कल्याणनं जलपर्णीचा आणखी एक झुबका ओढला आणि त्याला कोरडी ओकारी आली.

मुळं काळी. मोरीत अडकलेल्या केसांसारखी, पण हातभर लांब. बुळबुळीत. त्यांत गुंतलेला मासा निघाला, डोळे गेलेला, पोट फुगून पांढरं. त्यानं तो काठावर फेकला. तो फुटला.

वास.

तोंडानं श्वास घ्यावा, तर वास जिभेवर बसायचा. गुडघ्यामागं जळू चिकटली होती. काढायला हात रिकामा नव्हता.

काठावर गाव उभं. नाकाला पदर, नाकाला रुमाल. पाझर तलावातल्या मासेमारीचा ठेका कल्याणचा. ग्रामसभेनं बजावलं होतं, ही जलपर्णी तुझ्या मत्स्यबीजातूनच आली. आठ दिवसांत तलाव साफ कर, नाहीतर ठेका गेला. आज सहावा दिवस. अर्धा तलाव अजून हिरवा.

"कृषीवाले सायेब म्हनले, ही अमेरिकेकडची हाय," सरपंच वैजनाथ वरून ओरडला. "तिथनं पाथर्डीत कशी आली? चालत आली का रे?"

"भाऊ, बीज मी फडक्यातनं गाळून सोडतो. त्यातनं काडीबी येत न्हाई."

"मंग आभाळातनं पडली आसंल!"

गाव हसलं. रुमालाआडून.

मुक्ताबाई शेळ्यांना पाण्यावर घेऊन आली. म्हातारी पाच महिने ऊसतोडीला होती, कालच परतलेली. तिनं काठावरच्या कुजक्या ढिगातून एक रोप उचललं. देठाचा फुगवटा बोटानं दाबून पाहिला.

"आगं बया. ही तर आपल्या कावडीतली."

"कुठल्या कावडीतली?" वैजनाथनं विचारलं.

"मारुतीच्या. पुणतांब्यावरनं चार दिस चालत आनायची, तर पानी हिंदकळून सांडतंय. म्हनून माझ्या पोरानं, गोरक्षनाथानं, घागरीच्या तोंडात हीच पानं घातली. तिथं गंगेत, आपल्या गोदामाईत, लई हाय. मारुतीला पानी घातलं, पानं उरली. गंगेची वस्तू पायाखाली कशी टाकायची? मीच सोडली हितं, तोडीला जायच्या आधी. मूठभर तर हुती तवा."



कल्याण हसला. सहा दिवसांत पहिल्यांदा. "ऐकलं का, सरपंच? चालतच आली. तुमच्याच खांद्यावर!"

सुटलो, असं त्याला वाटलं. आता कुणाला तरी लाज वाटेल. कुणी तरी विजार वर खोचून पाण्यात उतरेल.

वैजनाथनं खरंच चपला काढल्या. कल्याण त्याला जागा द्यायला बाजूला सरकला.

वैजनाथ उतरला नाही. त्यानं हात जोडले.

मागं नाकावरचे पदर सुटले आणि डोक्यावर गेले. एकीनं कपाळाला हात लावला. दुसरी ढिगाशी वाकली, सडकी मुळं ओंजळीत घेतली, ओंजळ छातीशी धरून पाण्यापर्यंत आली आणि अलगद सोडली. मग तिसरी. सहा दिवसांचा ढीग ओंजळीओंजळीनं परत तलावात उतरू लागला. त्यांच्या बोटांतून काळं पाणी गळत होतं आणि एकीलाही ओकारी येत नव्हती.

कल्याण त्यांच्याकडे बघत राहिला. हातातला झुबका त्यानं अजून सोडला नव्हता.

"कल्याण, तू आधी भाईर ये," वैजनाथ हळू आवाजात म्हणाला. "तिला माशाचे हात लावू नको."