निळं पाणी

नांदेडला गोदावरीत कुणी बुडालं की पोलीस बजरंगआबालाच बोलावणं धाडायचे. पाणी सदा गढूळ, म्हणून डोळे मिटून, हातानं तळ चाचपून प्रेत काढायची त्याची रीत. अशा बापाला एकदा तरी निळं पाणी दाखवावं, म्हणून आरतीनं त्याला अंदमानला आणलं.

बोटीवर मात्र म्हातारा स्कुबाचं नावच काढू देईना. मग मध्येच त्यानं विचारलं, "आपली गोदावरी ह्याच समुद्राला मिळती का गं?" आरती हाव म्हणाली, अन् तो तडक उठून पाठीवर सिलिंडर बांधून घ्यायला लागला.

खाली प्रवाळाचं रान फुललेलं. पिवळे-जांभळे मासे अंगाला घासून चाललेले. अन् आबा डोळे गच्च मिटून प्रवाळाच्या फटीफटीत हात घालून राहिला होता. गाईडनं दोनदा त्याचा हात मागं ओढला.

वर आल्यावर आरती चिडलीच. "एवढ्या लांब आणलं, अन् तुम्ही डोळेच उघडले न्हाईत! काय घावलं चाचपून?"

आबानं तोंडावरचं खारं पाणी पुसलं.



"हितंबी न्हाई गं तुझा भाऊ."